नकाशाची तीट

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसायचा नाही. न बसो. मुळात नसलेल्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि ज्यांनी पाहिली ते त्या दिवसापासून या विषयावर बोलत नाहीत.

नकाशेसाहेबांचं खरं नाव पगाराच्या कागदाबाहेर कुणी वापरत नसे. नकाशांच्या कचेरीत उंच स्टुलावर बसून, मान डावीकडे कलती ठेवून, त्यांनी हयात काढली होती. डोंगर, तळी, ओढे, पायवाटा यांच्या केसासारख्या बारीक रेघा ओढाव्यात तर त्यांनीच. मात्र त्यातला एकही डोंगर त्यांनी पाहिलेला नव्हता. त्या कचेरीत उन्हातान्हात साखळ्या ओढत जमीन मोजणारी माणसं वेगळी, आणि सावलीत बसून त्या मोजमापांच्या रेघा करणारी वेगळी. नकाशेसाहेब सावलीतले. डोंगर प्रत्यक्ष चढून पाहणं म्हणजे डोंगर काढणाऱ्यावर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं मत होतं.

आता त्या कचेरीतली एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथून सुरू झाला. नकाशा काढायला वर्षं लागतात आणि चोरायला एक दुपार. तेव्हा चोर सापडावा म्हणून प्रत्येक नकाशात मुद्दाम एक खोटी गोष्ट घालून ठेवायची. कुणी एखादी विहीर घाली, कुणी ओढ्याला फुकटचं वळण देई. दुसऱ्या कुणाच्या नकाशात तीच विहीर दिसली की धरली मानगूट. कचेरीत याला तीट लावणं म्हणत, देखण्या बाळाच्या गालाला लावतात तशी. तीट कुठे लावली हे काढणाऱ्याला आणि मुख्य साहेबांना ठाऊक. तिसऱ्याला, म्हणजे अगदी बायकोलासुद्धा सांगायचं नाही, अशी शपथ असे. ‘अगदी बायकोलासुद्धा’ हे शब्द मूळ शपथेत नव्हते, मुख्य साहेबांनी ते स्वानुभवावरून घातले होते.

नकाशेसाहेबांनी तीट लावली तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्या भरात त्यांचा हात विहिरीवर थांबेना. खालचं तळं आणि वरचं तळं यांच्यामधल्या डोंगराच्या खांद्यावरून त्यांनी एक अख्खा रस्ता नेला, आणि माथ्याजवळ त्याला असं काही वळण दिलं की बघणाऱ्याने बघत राहावं. मुख्य साहेब म्हणाले, "अहो, तीट लावा म्हटलं होतं, तुम्ही बाळाला मिशा काढल्यात!" पण तोवर नकाशा छापून आला होता. पुढे मुख्य साहेब निवर्तले आणि तो रस्ता खोटा आहे हे जाणणारा या पृथ्वीतलावर एकच माणूस उरला.

हा नकाशा चौकट करून घरातल्या बैठकीच्या खोलीत लावलेला होता. नकाशेबाई त्यावरची धूळ पुसत तेव्हा त्यांचं बोट त्या वळणावर हमखास थांबे.

"अहो, या रस्त्याने एकदा न्या ना मला."

"बघू," नकाशेसाहेब म्हणत.

मुलांच्या परीक्षा, छपराची गळती, कचेरीतली कामं असं करत करत त्यांनी तो रस्ता निवृत्तीपर्यंत ढकलत आणला. बाईंनी संसारात दुसरं काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. बरं, घरात त्यांचा एकच दरारा होता: ‘नकाशात आहे म्हणजे आहे’ असं ते म्हणाले की वाद मिटे. खरं सांगून टाकलं तर दरारा जाणार, शपथ मोडणार आणि बाईंचा रस्ताही जाणार. एका रेघेवर माणसाने इतकं ओझं टाकू नये, पण टाकलं होतं खरं.

सुटीला खालच्या तळ्याकाठी जायचं दोघा बहिणींनी परस्पर ठरवलं. मेव्हणी आणि तिचे यजमान, म्हणजे नकाशेसाहेबांचे साडू, सोबतीला. साडूंचं चष्म्यांचं दुकान होतं. समोरच्याला किती कमी दिसतं हे सांगण्यात आयुष्य गेल्यामुळे ती सवय त्यांना दुकानाबाहेरही सोडवत नसे. नकाशेसाहेबांनी सुटीचा एकच बेत आखला होता, अतिथिगृहाच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसायचं आणि डोंगराकडे पाठ करायची. सुरुवातीला तो छान पार पडला. मग एका सकाळी न्याहारीच्या टेबलावरचा चमचा खाली ठेवून बाई म्हणाल्या, "चला, उठा. आज आपल्या रस्त्याने वरच्या तळ्यावर जायचं."

"आज?"

"आत्ता. ठरवून ठरवून म्हातारी झाले."

नकाशेसाहेबांनी आधी ढगांकडे बोट दाखवलं. ढग ताबडतोब पांगले. मग ते गुडघ्याबद्दल बोलले, तर मेव्हणीने पर्समधून मलमाची नळी काढली. गाडीचे ब्रेक म्हणावेत तर अतिथिगृहाच्या मालकीणबाईंचा भाऊ मेकॅनिक निघाला, आणि तो हात पुसत पुसत येऊन ब्रेक उत्तम असल्याचं सांगून गेला. माणसाला खरी अडचण असते तेव्हा असले भाऊ कुठे जातात कोण जाणे.

शेवटची आशा साडूंचा फोन. त्यात तो रस्ता असणं शक्यच नव्हतं. साडूंनी चष्मा कपाळावर चढवला, फोनच्या काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा काय! डोंगरावरून सरळ वरच्या तळ्याला. वळण तर काय झकास आहे हो!"

नकाशेसाहेबांनी फोन हातात घेऊन पाहिला. तेच वळण. त्यांच्या मनगटाचा झोक त्यांनी ओळखला. फोनवाल्यांनी सगळा नकाशा तिटेसकट उचलला होता! त्यांच्यातला ड्राफ्ट्समन आनंदाने उडी मारायच्या बेतात आला: इतक्या वर्षांनी चोर सापडला! त्यांच्यातला नवरा मात्र मटकन खाली बसला. आणि चोर सापडल्याचं सांगायचं तरी कुणाला? कचेरीत ओळखीचा शिपाईसुद्धा उरला नव्हता.

"घाबरू नका," शेजारच्या टेबलावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले. "मी गेलोय त्या रस्त्याने. दोन्ही बाजूंना जुनी झाडं. अर्ध्यावर झऱ्याचं पाणी आहे, ते मात्र प्या. पोटाला उत्तम."

नकाशेसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. समोरचा माणूस धडधडीत खोटं बोलतोय हे सिद्ध करायला जगात फक्त तेच समर्थ होते, आणि त्यांचंच तोंड शिवलेलं होतं. उलट बाईंनी हेडमास्तरांना विचारलं, "वळणावर थांबायला जागा आहे का हो?"

"भरपूर," हेडमास्तर म्हणाले. "आम्ही तिथंच डबा खाल्ला."

गाडी निघाली. जुनी, खाकी रंगाची, दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी गाडी. चालवायला साहेब, शेजारी फोन घेऊन साडू, मागे दोघी बहिणी आणि त्यांच्यामध्ये उकडलेल्या अंड्यांचा डबा. तळ्याच्या काठाकाठाने रस्ता चढू लागला. बाई खिडकीतून डोकं काढून प्रत्येक गोष्टीला "अगंबाई" म्हणत होत्या. नकाशेसाहेबांना मात्र सगळं जरा ढिसाळ वाटलं. कागदावर त्यांनी तळ्याची कड कशी एका दमात ओढली होती, इथे ती चिखलात, गवतात, होड्यांच्या मध्ये कुठेही भरकटत होती. डोंगरही त्यांनी काढला होता त्यापेक्षा फार मोठा केलेला होता, काही गरज नसताना.

"पुढे उजवीकडे वळा," फोनमधली बाई म्हणाली.

नकाशेसाहेब सरळ गेले.

"अहो, उजवीकडे म्हणाली ती," साडू म्हणाले.

"हं? ऐकू नाही आलं."

"कान माझ्या धंद्यात येत नाहीत, नाहीतर बघितले असते."

फोनमधली बाई जराही न रागावता म्हणाली, "जमेल तेव्हा मागे वळा." परक्या बाईचा हा शांतपणा ऐकून मागच्या सीटवर मेव्हणी म्हणाली, "ताई, आपण असतो तर?" दोघी हसल्या. नकाशेसाहेबांनी मागे वळून पुन्हा तोच फाटा चुकवला, या वेळी मेंढ्यांचं निमित्त करून. तिसऱ्या खेपेला बाईंनी मागून खांद्यावर हात ठेवला.

"अहो, तुम्हाला न्यायचंच नाहीये का मला?"

आता उजवीकडे वळणं भाग होतं.

वळले आणि ब्रेकवर उभेच राहिले. जिथे झुडपांशिवाय काही असायला नको होतं तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं फाटक होतं. फाटकाला लागून खोली, खोलीबाहेर खुर्ची, खुर्चीत टोपी घातलेला माणूस, आणि माणसाच्या डोक्यावर पाटी: रस्ता दुरुस्तीसाठी बंद.

"बंद आहे!" नकाशेसाहेब इतक्या आनंदाने ओरडले की साडूंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "नियम म्हणजे नियम. चला परत."

"थांबा जरा," बाई खाली उतरल्या. "काय हो दादा, कसली दुरुस्ती?"

फाटकवाला उठला. त्याला बोलायला माणूस हवंच होतं. "त्याचं असं आहे बाईसाहेब, आमच्या रस्ते खात्यात एकदा नवीन साहेब आले. त्यांनी नकाशा पाहिला. म्हणाले, हा रस्ता आपल्या हद्दीत, आणि खात्याने यावर कधी पाटीभर खडीसुद्धा टाकली नाही! सगळ्यांची पाचावर धारण बसली. लगेच फाटक ठोकलं, मला नेमलं. तेव्हापासून रस्ता माझ्या ताब्यात आहे. दर आठवड्याला फोन करून सांगतो, रस्ता व्यवस्थित. एक खड्डा पडू दिलेला नाही."

"तुम्ही वर जाऊन पाहिलंय का?" साडूंनी विचारलं.

"फाटक सोडून?" फाटकवाल्याचा चेहरा दुखावल्यासारखा झाला.

नकाशेसाहेबांना त्याला मिठी मारावीशी वाटली. आपण काढलेल्या रेघेवर एका माणसाचं घर चाललंय हे पाहून त्यांचे डोळेही थोडे पाणावले. पण हा सद्गदित क्षण मेव्हणीने मोडला. खिडकीतून डोकं काढून ती म्हणाली, "दादा, तो नकाशा यांनीच काढलाय बरं का. आमचे भाऊजी!"

फाटकवाल्याने टोपी सारखी केली आणि कडक सलाम ठोकला. "म्हणजे माझी नोकरी साहेबांमुळे! अहो, मग तुम्हाला कोण अडवणार? हा रस्ता तुमचाच." आणि फाटक वर गेलं.

"पण बंद आहे ना!" नकाशेसाहेब काकुळतीला आले. "वरून परवानगी लागेल. तुमचे साहेब कुठे आहेत?"

"साहेब जेवायला गेलेत."

"आपण थांबू. जेवून येतील."

"मागच्या साहेबांबद्दल बोलतोय मी. ते जेवायला गेले ते परत आलेच नाहीत. नवीन यायचेत अजून. तुम्ही बेलाशक जा, सगळेच जातात. बंद म्हटलं की माणसाला जावंसंच वाटतं."

गाडी आत शिरली. नकाशेसाहेब श्वास रोखून झुडपांची वाट पाहत होते, पण झुडपं काही आली नाहीत. गवतातून चाकांच्या दोन स्पष्ट चाकोऱ्या वर चढत होत्या. डावीकडे, उजवीकडे, मग थोडं सरळ, जसं त्यांनी काढलं होतं तंतोतंत तसंच. फोनच्या सांगण्यावरून इतकी चाकं इथून गेली होती की डोंगराने बिचाऱ्याने मान्य करून टाकलं होतं. खालचं तळं पायाशी लहान होत गेलं. वारा आला. मागे बाई "अगंबाई" म्हणायच्याही थांबल्या होत्या. आरशात त्यांचा चेहरा दिसला, आणि नकाशेसाहेबांना क्षणभर शंका आली, रस्ता होताच की काय आधीपासून? आपणच उगीच इतकी वर्षं स्वतःला खोटं समजत आलो? त्यांनी चक्क वेग वाढवला. कुणी जाणकार असता तर तिथेच त्यांना थांबवलं असतं. माणूस स्वतःच्या थापेवर विश्वास ठेवून ॲक्सिलरेटर दाबू लागला की पुढचं सांगायला ज्योतिषी लागत नाही.

वळण आलं. सुरेख वळण. त्या वळणावर वाहतुकीची कोंडी झालेली होती.

पुढे मोठ्या गाड्या, मागे लहान गाड्या, मध्ये सामानाचा एक टेम्पो, त्याच्या टपावर एक सोफा बांधलेला. सगळ्यांच्या पुढे दरी. दरी म्हणजे अगदी दरी, तळाशी धुकं. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला दलदल. वळवायला जागा नाही, मागे घ्यावं तर मागून येणारे चालूच. नकाशेसाहेबांची गाडी थांबते न थांबते तोच मागे आणखी दोन येऊन चिकटल्या, आणि त्यांचं मागचं चाक डच्‌कन चिखलात बसलं. एक बाई किटली आणि पेले घेऊन गाड्यांमधून फिरत होती, खिडक्यांवर टकटक करत. तिचा धंदा बरा चाललेला दिसत होता.

लोक उतरून एकमेकांना सल्ला देत होते. कुणी म्हणत होतं पहिल्या गाडीपासून मागे घ्या, कुणी म्हणत होतं शेवटच्या. टेम्पोवाला म्हणाला, "सगळ्यांनी मिळून सोफा खाली उतरवा." त्याने काय होईल असं विचारल्यावर म्हणाला, "निदान बसता येईल." सोफा उतरवला गेला. त्यावर कोण बसणार यावरून नवीन वाद सुरू झाला.

"मी सांगतो काय करायचं," एक हॅटवाले गृहस्थ गरजले. त्यांच्या लांबलचक गाडीचं नाक दरीवर आलेलं होतं. "हा नकाशा ज्याने काढला ना, त्याला इथे आणून उभा केला पाहिजे!"

"आणून कशाला?" साडूंनी खिडकीतून हात बाहेर काढला. हे त्यांनी अभिमानाने केलं की दुष्टपणाने, यावर घरात अजून एकमत नाही. "गाडीतच बसलेत ते!"

सगळ्यांच्या माना गाडीकडे वळल्या. किटलीवालीसुद्धा थांबली. नकाशेसाहेबांनी दार उघडलं, आपटलं, पुन्हा आपटलं, आणि ते लोकांसमोर उभे राहिले. सगळ्या डोळ्यांकडे त्यांना बघता आलं असतं. डोळ्यांच्या एका जोडीकडे बघायची हिंमत नव्हती, ती बाईंची जोडी गाडीतून उतरून त्यांच्यामागे येऊन उभी राहिली होती.

"बोला," हॅटवाले म्हणाले. "कुठाय रस्ता?"

आता इथे साध्या माणसाने माफी मागितली असती. पण नकाशेसाहेबांनी दरीकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि ज्या माणसाने आयुष्यात सलग चार वाक्यं बोलली नव्हती त्याच्या तोंडून अस्खलित बोलणं वाहू लागलं.

"रस्ता होता," ते म्हणाले. "इथूनच जात होता. तुम्ही उभे आहात ना, तिथे मैलाचा दगड होता. मी तरुण होतो. खांद्यावर साखळी, हातात काठी. साहेब म्हणाले, रेघ ओढायच्या आधी पाय ओढा. म्हणून अख्खा रस्ता चाललो. दोन्ही बाजूंना झाडं, इतकी दाट की दुपारी कंदील लागावा. अर्ध्यावर झरा. एक काळं कुत्रं खालपासून माझ्यासोबत आलं होतं. मी त्याला काळ्या म्हणायचो. झऱ्यावर आधी ते पाणी प्यायलं, मग मी."

कुणीतरी "वा" म्हणालं. नकाशेसाहेबांना जोर चढला.

"या वळणावर एक झोपडी होती. त्यात एक म्हातारी. तिने मला गरम दूध दिलं. म्हणाली, पोरा, लग्न झालंय ना तुझं? मग पुढच्या वेळी एकटा येऊ नकोस. आणि मग एका पावसाळ्यात हा अख्खा कडाच खाली गेला. झाडं गेली, झरा गेला. म्हातारी वाचली, कारण ती लेकीकडे गेली होती. काळ्या मात्र..." इथे ते थांबले. रुमाल काढून त्यांनी खरोखरच डोळे टिपले. "काळ्या वळणावर बसून राहिला. वाट बघत. रस्त्याची."

किटलीवालीने पदर डोळ्यांना लावला. टेम्पोवाला सोफ्यावरून उठून उभा राहिला. हॅटवाल्यांनी हॅट काढून छातीशी धरली आणि दरीकडे बघत म्हणाले, "माफ करा साहेब, माहीत नव्हतं." साडूंनी चष्मा पुसला. मेव्हणी हुंदके देत होती. धुक्यातून खालच्या तळ्याचा एक तुकडा चमकला, जणू निसर्गानेसुद्धा साक्ष द्यायचं ठरवलं होतं. नकाशेसाहेबांना वाटलं, जमलं. दरारा राहिला, शपथ राहिली, आणि बाईंचा रस्ताही राहिला, कोसळलेला का होईना.

नकाशेबाई मात्र दरीकडे बघत नव्हत्या. त्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, इतकी वर्षं नकाशावरच्या वळणाकडे जशा बघत आल्या होत्या तशा. मग त्यांनी पदर खोचला आणि शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, खरं बोलायचं असलं की तुमच्या तोंडून ‘हं’ आणि ‘बघू’ यापलीकडे शब्द फुटत नाही. मागणी घालायला आलात तेव्हासुद्धा तुमचे वडीलच बोलले. आणि आज झाडं काय, झरा काय, कुत्र्याला नावसुद्धा ठेवलंत! हा रस्ता कधी नव्हताच. माझ्या भोळेपणाची कमाल आहे, हा रस्ता तुम्ही बसल्या जागी काढलाय!"